वापरायला की वाटायला?

दिवाळी सरत आली की घरोघरी एक लहानसा समारंभ होतो. पंचांगात त्याची नोंद नसते आणि त्यासाठी कुणी रांगोळीही काढत नाही. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, डांबरगोळ्यांचा उग्र वास घरभर पसरतो आणि शिमग्यानंतर घडी घालून ठेवलेली पांघरुणे अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या दोरीवर ऊन खात पडतात. त्या दोरीकडे कुणी नीट पाहिले, तर त्या घराचे नीतिशास्त्रच तिथे वाळत घातलेले दिसेल. काही पांघरुणे घरच्या माणसांची असतात. ती वापरून मऊ झालेली, ज्याची त्याला ठाऊक असलेली. एखादे पाहुण्यांचे असते. ते सर्वांत देखणे, आणि म्हणून सर्वांत कमी पांघरलेले. आणि कडेला, दोरीच्या अगदी टोकाला, एक तिसऱ्या जातीचे पांघरूण असते. ते कुणाचेच नसते. 'राहू द्या, कुणाला तरी द्यायला होईल,' असे म्हणून ते बाजूला काढलेले असते.

हा 'कुणाला तरी' कोण, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नसते. तो किती उंच आहे, कुठे निजतो, त्याच्या अंगाखाली काय असते, यांपैकी एकही गोष्ट माहीत नसताना त्याचे पांघरूण मात्र ठरून गेलेले असते. मला या तिसऱ्या पांघरुणाविषयी लिहायचे आहे. परंतु त्याच्यापर्यंत जायचे, तर आधी पहिल्याची वाट चालली पाहिजे.

आमच्या गावच्या बाजारात ब्लँकेटांच्या दुकानात शिरले की गादीवर बसलेला मनुष्य एकच प्रश्न विचारतो, "वापरायला हवंय की वाटायला?" त्याच्या मनात काही वाईट नसते. दोन्हींचे गठ्ठे वेगळे असतात, दोन्हींचे भाव वेगळे असतात, आणि गिऱ्हाइकाचा वेळ वाचावा एवढाच त्याचा हेतू. मी हा प्रश्न पुष्कळदा ऐकला आहे आणि दर वेळी मला वाटले आहे की धर्मग्रंथांच्या पानोपानी जो प्रश्न माणसे शोधतात, तो इथे कापडाच्या दुकानात फुकट मिळतो आहे. थंडी तर एकच असते. पौषातली पहाट एकाच्या अंगणात उतरताना जास्त गार आणि दुसऱ्याच्या झोपडीत उतरताना कमी गार होते, असे नाही. मग पांघरुणाच्या जाती दोन कशा?

वापरायला म्हणून घ्यायला जातो तेव्हा आपण कसे निवडतो, ते पाहावे. पहिली परीक्षा हाताची. दुकानात उभे राहून आपण तळवा फिरवतो आणि 'किती मऊ!' असे म्हणतो. या परीक्षेत आज सर्वांवर मात करते ते 'मिंक' नावाने विकले जाणारे चकचकीत, मोठमोठ्या गुलाबांचे ब्लँकेट. मिंक नावाच्या प्राण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते बहुधा निव्वळ पॉलिएस्टर असते. ते वाईट असते असेही नाही. घरात, गादीवर, दारे-खिडक्या लावून निजणाऱ्याला ते पुरेसे ऊबदार वाटते. पण पांघरूण रात्री वापरायचे असते आणि आपण ते दुपारी, उभ्याने, तळहाताने पारखतो, यातच निम्मा घोटाळा आहे. हात म्हणजे काही पाठ नव्हे, आणि दुपार म्हणजे पहाटेचे चार नव्हेत.

खऱ्या लोकरीची परीक्षा वेगळी आहे आणि ती जुन्या माणसांना ठाऊक असते. कडेचा एखादा सुटा धागा घ्यावा आणि काडी लावून पाहावी. लोकर पटकन पेट घेत नाही. जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो, कारण केस आणि लोकर दोन्ही एकाच द्रव्याची, केराटिनाची बनलेली असतात. आणि मागे उरते ती बोटांत चुरडली जाणारी राख. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. रानात मुक्कामाला जाणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. शेकोटीची ठिणगी मिंकवर पडली की भोक पडते. घोंगडीवर पडली तर जागच्या जागी काळी होऊन विझून जाते.

घोंगडी हा शब्द आला आणि मी माझ्या मुद्द्यावर आले. आपल्या पठारावरची दख्खनी मेंढी दिसायला देखणी नाही, तिची लोकर बहुतेक काळी आणि जाडीभरडी. ती कातरायची, निवडायची, पिंजायची, चरख्यावर कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मागावर विणायची, हे काम सणगरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर त्यातल्या त्यात मऊ. तिला जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीला भाव जास्त असतो. बाकीची घोंगडी टोचते. का टोचते, याचेही कारण आहे. लोकरीचा तंतू बारीक असला की त्याचे टोक त्वचेला लागताच वाकते. जाड असला, सुमारे ३० मायक्रॉनच्या वर गेला, की ते वाकत नाही, रुतते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीची लोकर या रेघेच्या पुष्कळ खाली असते आणि आपल्या दख्खनी मेंढीची पुष्कळ वर. दुकानातल्या तळहाताने या हजाराव्या भागावर निकाल दिला, आणि त्या निकालाने माणदेशापासून बारामती-फलटणपर्यंतच्या धनगरांची लोकर कवडीमोल केली. मांसाला बरी पडते म्हणून अंगावर लोकर फारशी न धरणारी माडग्याळ मेंढी आता कित्येक कळपांत दिसते. आणि कातरलेली काळी लोकर गिऱ्हाईक नाही म्हणून टाकून दिली जाते. आपल्या आज्यांनी याच लोकरीची धाबळी सोवळ्यात चालते म्हणून देवघरात नेसली. लोकरीला विटाळ नाही, असे शास्त्र सांगितले. लोकर देवघरात गेली, लोकर विणणारा मात्र ओसरीवर राहिला. वस्तूला मान देणे आणि माणसाला मान देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या धाबळीने फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे.

एकदा शाळेच्या शिबिराला मुले घेऊन गेले असता एका म्हाताऱ्या धनगराशी बोलणे झाले. दिवाळी झाली की ही मंडळी पठार सोडून मेंढ्यांसह कोकणाकडे उतरू लागतात. वाटेत कुणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढे चालायचे. म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडे होते. मुलांच्या पाठीवर रंगीबेरंगी झोपायच्या पिशव्या होत्या, वजनाला हलक्या आणि घडी घातली की भोपळ्याएवढ्या होणाऱ्या. मी सहज म्हटले, "बाबा, तुमचं घोंगडं फार ऊब देत असेल नाही?"

म्हातारा हसला. "घोंगडं कशाची ऊब देतंय, बाई! त्याच्यापाशी काय चूल हाय? ऊब आपली. घोंगडं राखतंय निस्तं."

पदार्थविज्ञानाचे पुस्तक याहून निराळे काही सांगत नाही. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून सुमारे ७० ते ८० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सारखी बाहेर पडत असते. पांघरूण ती निर्माण करत नाही. ते तिला पळू देत नाही. लोकरीचा प्रत्येक तंतू नागमोडी असतो. असे असंख्य तंतू एकमेकांत अडकले की त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते आणि ही न हलणारी हवाच खरे पांघरूण असते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. अशी ओल पिताना ती किंचित उष्णता सोडतेही. पण ती थोडी आणि थोड्याच वेळाची. बाकी सारा व्यवहार राखण्याचा. धनगर पावसात घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घेतो आणि तासन्‌तास मेंढ्यांमागे उभा राहतो, तो याच गुणावर. या गुणाला दुसरी बाजूही आहे. पुरती भिजलेली घोंगडी विलक्षण जड होते आणि लवकर वाळत नाही. नाही तर रेंगाळलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडे' म्हटले नसते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार दिवस डोंगर चढायचा असेल, तर पिसांची हलकी पिशवी बरी, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ज्याला जसे निजायचे आहे तसे त्याचे पांघरूण. दुसरा नियम नाही.

पण म्हाताऱ्याचे ते वाक्य माझ्या मनात राहिले, ते पदार्थविज्ञानासाठी नव्हे. 'ऊब आपली, घोंगडं राखतंय.' आपण एखाद्याला ब्लँकेट देतो तेव्हा आपल्याला वाटते, आपण त्याला ऊब दिली. वर्तमानपत्रात तसेच छापून येते: 'गरजूंना मायेची ऊब.' वस्तुतः ऊब त्याचीच असते. त्याने दिवसभर राबून, भाकरी खाऊन, आपल्या रक्तात ती तयार केलेली असते. आपण फार तर तिला पहाटेपर्यंत टिकायला मदत करतो. आणि ज्याच्या पोटात भाकरीच नाही त्याला नुसते ब्लँकेट देणे म्हणजे रिकाम्या कणगीला कुलूप लावणे होय. हे एकदा ध्यानात आले की देणाऱ्याचा ताठा आपोआप उतरतो. तो दाता राहत नाही, राखणदार होतो. आणि राखणदाराला एकच प्रश्न विचारता येतो: राखण नीट झाली की नाही?

आता दुकानातल्या दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळू. वाटायची ब्लँकेटे.

हरियाणातले पानिपत आपल्याला १७६१ मुळे ठाऊक आहे. पण आज तिथे निराळाच उद्योग चालतो. परदेशांत लोकांनी वापरून टाकलेले लोकरी कोट, स्वेटर, मफलर गठ्ठ्यांनी तिथे येतात. त्यांची बटणे आणि अस्तरे काढतात, रंगवार ढीग लावतात, यंत्रात घालून त्यांच्या पुन्हा चिंध्या आणि चिंध्यांचे तंतू करतात, आणि त्या तंतूंचे सूत कातून ब्लँकेटे विणतात. आपत्तीच्या वेळी मदत म्हणून जी करडी ब्लँकेटे वाटली जातात, त्यांतली पुष्कळ याच मागांवरची. गेल्या काही वर्षांत त्यांतही पॉलिएस्टर शिरले आहे. ही युक्ती मुळात इंग्लंडातली. यॉर्कशायरमधल्या बॅटली या गावी बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ साली जुन्या लोकरी चिंध्यांपासून नवे कापड केले. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा काही कंत्राटदारांनी सैनिकांचे गणवेश निकृष्ट शॉडीचे करून दिले; ते थोड्याच दिवसांत फाटून गेले आणि 'शॉडी' म्हणजे 'हलके, बनावट' असा अर्थ त्या शब्दाला कायमचा चिकटला.

या शब्दावर अन्याय झाला, असे मला वाटते. जुन्या लोकरीतून नवे पांघरूण काढणे यात लाजिरवाणे काय आहे? आपली गोधडी म्हणजे तरी काय? आजीचे लुगडे, मामाचे धोतर, कुणाच्या तरी मुंजीतला पंचा, यांचीच ती शिवण आहे. दोष जुनेपणात नव्हता. 'तो शिपाई आहे, त्याला काय कळते,' या हिशेबात होता. कंत्राटदार जर त्याच गणवेशात एक रात्र पावसात उभा राहिला असता, तर शब्दाचा अर्थ बिघडला नसता.

माझ्याशी या बाबतीत वाद घालणारी माणसे थोडी नाहीत. आमच्या शाळेतले एक वडीलधारे शिक्षक म्हणत, "बाई, दया तागडीत तोलायची नसते. उपाशी माणसाला शिळी भाकरीही गोड लागते. तुम्ही दर्जा बघत बसाल आणि तेवढ्यात थंडी सरून जाईल." त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. मोठा भूकंप झाला, पूर आला, हजारो माणसे उघड्यावर पडली, तर त्या रात्री जे मिळेल ते खरे. त्या वेळी धाग्याला काडी लावून बघणारा मनुष्य शहाणा नव्हे, निष्ठुर म्हटला पाहिजे. पण शिळ्या भाकरीचा दाखला मला पटत नाही. शिळी भाकरी आपणही घरी खातो. ताकात कुस्करून आवडीने खातो. जी वस्तू आपण स्वतः वापरू, ती जुनी असली तरी देण्याजोगी असते. प्रश्न आहे तो जी वस्तू केवळ देण्यासाठीच जन्माला घातली जाते तिचा. जी कुणीच आपल्या लेकराच्या अंगावर घालणार नाही आणि तरी हजारांनी विकली जाते, तिचा.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र खरा कठीण होता आणि तो त्यांनी आकड्यांत मांडला. त्या वर्षी नववीच्या मुलांनी दिवाळीच्या फटाक्यांचे पैसे वाचवून एक रक्कम जमवली होती. गावाबाहेर साखर कारखान्याच्या वाटेवर ऊसतोडणीच्या टोळ्या उतरल्या होत्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून माणसे येतात, पाचट आणि बांबूच्या कोप्या घालतात आणि उसाचा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडायची म्हणून पहाटेच्या अंधारातच फडात जावे लागते. त्यांच्या मुलांना ब्लँकेटे द्यावीत, असे मुलांच्या मनात आले. हिशेब केला तेव्हा असे निघाले, की त्या पैशांत 'वाटायची' साठ ब्लँकेटे येतात आणि 'वापरायची' वीस.

गुरुजी म्हणाले, "साठ घ्या. चाळीस मुलांना उघडं ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

वाचकहो, या प्रश्नाला चटकन उत्तर देणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. साठांपैकी चाळिसांना वगळणे हा अन्याय आहेच. पण साठांनाही कुडकुडत ठेवून 'दिले' असे म्हणणे, हा न्याय कसा? समानता म्हटली की आपण वस्तू मोजतो. साठ मुले, साठ नग, हिशेब चुकता. रात्र कुणी मोजत नाही. आणि ऊब ही धान्यासारखी वाटून घेता येणारी गोष्ट नाही. पायलीभर जोंधळे तिघांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. पण पहाटेच्या कडाक्यात तिसरा हिस्सा पांघरूण मिळालेल्या मुलाला तिसरा हिस्सा झोप मिळत नाही. तो रात्रभर जागाच असतो. काही गोष्टींना एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे जे दिले ते देणाऱ्याच्या वहीत जमा होते, घेणाऱ्याच्या अंगाला लागत नाही.

उलट, पातळ असली तरी दोन ब्लँकेटे एकावर एक घेतली, की मध्ये हवेचा थर कोंडतो आणि बरीच ऊब राहते, हेही खोटे नाही. भावंडे एकत्र निजतात, हेही खोटे नाही. म्हणजे साठ घेण्यातही काही तथ्य होते. वर्गात आठ दिवस हे घोंगडे भिजत पडले. दोन तट झाले. एकाने तर ब्लँकेटाची जाडी पट्टीने मोजून आणली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नसे, ती म्हणाली, "बाई, ते कशावर निजतात, ते आपण बघून येऊ या का?"

आम्ही गेलो. एका कोपीपुढे एक बाई दुपारचे सरपण फोडत होती. आत दोन वाकळा दोरीवर टाकलेल्या होत्या. मुलीने धीर करून विचारले. बाईने हातातली कुऱ्हाड खाली ठेवली, आमच्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "पांघरायला हायेत वो बाई, दोन वाकळा हायेत. पर भुई लई गार पडती. आमी पहाटंच फडात जातो, लेकरं एकली ऱ्हात्यात. खालून वल येती अन्‌ वाकळ वली व्हती. द्यायचं आसंल तर आथरायला काय तरी द्या."

अंथरायला! साठ की वीस या वादात हा शब्द कुणाच्याही तोंडी आला नव्हता, कारण दुकानदाराने तो उच्चारला नव्हता. आपण पलंगावर, गादीवर निजणारी माणसे. आपली थंडी वरून येते. भुईवर निजणाऱ्याची थंडी खालून येते. हरिश्चंद्रगडासारख्या सुमारे १४०० मीटर उंचीच्या गडावरच्या लेण्यांत ज्यांनी डिसेंबरातली रात्र काढली आहे, त्यांना हे विचारावे. अंगावर कितीही घाला, पाठीखालचा दगड ऊब ओढून घेत राहतो. शिवाय मऊ पांघरूण अंगाखाली घेतले की ते देहाच्या भाराने चेपते, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा उपयोगही बराचसा निघून जातो. सुती वाकळ ओलावली की तिचीही तीच गत. तिथे कामाला येते ती जाडीभरडी, टोचणारी, दुकानातल्या तळहाताने नापास केलेली घोंगडी. तिचा तंतू ताठ, म्हणून ती सहज चेपत नाही. आणि ओल आली तरी ती सारी ऊब सोडून देत नाही. जो दोष हाताला लागला, तोच पाठीला गुण ठरला.

मुलांनी मग काय घेतले, ते थोडक्यात सांगते. कोपीगणिक एक ताडपत्री घेतली आणि उरलेल्या पैशांत, भाव करून, एका सणगराकडून अंथरायची जाड घोंगडी घेतली. ती साठही नव्हती आणि वीसही नव्हती. कारण आता मोजमाप मुलांचे नव्हते, कोप्यांचे होते. ताडपत्री खाली, घोंगडी तिच्यावर, आणि घोंगडीवर सगळी भावंडे. वरून त्यांच्या आईने शिवलेली वाकळ होतीच. गुरुजीही आमच्याबरोबर आले. ताडपत्रीची टोके दगडांनी दाबून देताना ते एवढेच म्हणाले, "हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं." मला त्यांचा आदर वाटला. त्यांच्या दयेत कधीच खोट नव्हती. तिला फक्त कोपीची वाट ठाऊक नव्हती.

हा प्रकार मी मोठ्या उपकाराची गोष्ट म्हणून सांगत नाही. उसाचा हंगाम संपला, टोळ्या गेल्या. त्यांचा जन्म घोंगडीने पालटला नाही. त्या मुलांना शाळा हवी होती, आईबापांना बरी मजुरी हवी होती आणि पक्क्या भिंतीही हव्या होत्या. घोंगडीकडून त्यांपैकी काहीच होण्यासारखे नव्हते. ती आपले काम तेवढे करते. पण पांघरूण निवडणे हा किती खोल व्यवहार आहे, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आले. स्वतःसाठी निवडताना आपल्याला विचारावे लागत नाही. आपली पाठ, आपले वय, आपली खोली आपल्याला आयतीच ठाऊक असते. म्हणून आपली निवड सहसा बरी ठरते. दुसऱ्यासाठी निवडताना हे सारे ज्ञान नसते, आणि त्याची जागा घ्यायला दोन गोष्टी टपलेल्या असतात: एक किंमत आणि दुसरी कल्पना. किंमत म्हणते, एवढ्यात भागेल. कल्पना म्हणते, त्याला हेच हवे असणार. दोघींनाही त्या माणसाच्या दारापर्यंत जायचा कंटाळा असतो.

'आपल्यासारखेच दुसऱ्यालाही मानावे' असे संतांपासून शाळेतल्या सुविचारांपर्यंत सर्वांनी सांगितले आहे. त्यातही एक अडचण आहे, आणि ती घोंगडीने मला दाखवली. मी त्या मुलांना अगदी माझ्यासारखे मानले असते, तर त्यांना माझ्यासारखे मऊ, महाग पांघरूण दिले असते. आणि ते पहिल्याच आठवड्यात भुईची ओल पिऊन पडले असते. दुसऱ्याला आपल्यासारखे मानणे ही अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी म्हणजे, तो आपल्यासारखा नाही, तो निराळ्या भुईवर निजतो, हे ध्यानात ठेवणे. पहिल्या अर्ध्याने दर्जा ठरतो: जे मी माझ्या लेकराला देणार नाही, ते मी त्याच्या लेकराला देणार नाही. दुसऱ्या अर्ध्याने वस्तू ठरते: ती त्याला विचारून. पहिल्यावाचून दान हलके होते आणि दुसऱ्यावाचून ते आंधळे होते.

यावर कुणी म्हणेल, की प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायला कुणाला वेळ आहे? खरे आहे. त्यांच्यासाठी एक सोपा उपाय सांगते. त्याला फार तर एक रात्र लागते. वाटायला म्हणून जे पांघरूण आणले असेल, त्यातले एक काढावे. गादी गुंडाळून ठेवावी. भुईवर, जमल्यास बाहेरच्या ओसरीवर, ते घेऊन पहाटेपर्यंत निजावे. सकाळी उठून ज्याला वाटेल, की झोप बरी लागली, त्याने ते खुशाल वाटावे. ज्याला रात्री दोनलाच उठून आत जावेसे वाटेल, त्याला आपला हिशेब कुठे बसत नाही ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. म्हण शहाणी आहे आणि संसाराला उपयोगी आहे. पण मला नेहमी असे दिसले आहे, की ती सांगणाऱ्याचे अंथरूण बहुधा पुरेसे लांब असते, आणि ज्याला ती सांगितली जाते त्याचे गुडघे आधीच पोटाशी आलेले असतात. त्याने आणखी किती आखडायचे? वर्षातून एकदा तरी, ट्रंका उघडल्या जातात त्या या दिवसांत, ती म्हण उलटी करून पाहायला हरकत नाही. ज्यांच्या हाती अंथरूण निवडणे आहे, त्यांनी कधी तरी पाय पाहावेत. ते किती लांब आहेत, आणि कोणत्या भुईवर टेकले आहेत.